बाभळवाल्यांची रीत

अण्णा, चुडाव्याजवळचं तुमचं रेल्वेचं फाटक आता राहिलेलं नाही. रस्ता रुळांखालून नेलाय, आणि पावसाळ्यात त्या खड्ड्यात गुडघाभर पाणी साचतं म्हणून गाव पुन्हा रुळांवरूनच जातं. तुमची गुमटी पाडली. आपल्या खोलीच्या जागी खडीचा ढीग आहे. मी गेल्या महिन्यात पॅसेंजरने गेले आणि स्टेशनावरून रुळांच्या कडेकडेने चालत तिथवर पोचले. नदीच्या अंगाला बाभळबनाची जी काळी पट्टी दिसायची, तिथे सोयाबीन उभं आहे. औषधाला म्हणून एक बाभूळ ठेवलेली नाही. मी तासभर बसले. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत तुमच्याशी भांडावं असं कधी वाटलं नाही, आणि आता वाटतंय तर समोर कोणी नाही. तुम्ही मला बाभळवाल्यांच्या किती रीती शिकवल्यात त्याला गणती नाही. त्यातल्या एका रीतीपायी माझी आई मला मिळता मिळता गेली. ती रीत तुम्ही मुद्दाम शिकवलीत का, एवढंच मला विचारायचं आहे. बाकी जे लिहीन ते या एका प्रश्नाभोवतीच फिरणार, हे आधीच सांगते.

मी चार वर्षांची असताना एका सकाळी उठले तर आई नव्हती. कुठे गेली असं विचारल्यावर तुम्ही हात नदीकडे केलात. "त्या बनात मानसं राहतेत," म्हणालात. "उंच, सडपातळ. कान वर टोकाला निमुळते. तीन-तीनशे वर्सं जगतेत. तुजी माय त्यांच्यातली व्हती. त्यांनी तिला माघारी बोलावून घेतलं." दुसरा कोणी बाप असता तर आई देवाघरी गेली म्हणाला असता. आपल्या अण्णांना खोटं बोलण्यासाठीसुद्धा जित्या माणसाला मारवलं नाही, असं मी पुढे कितीतरी वर्षं लोकांना कौतुकाने सांगत आले. आता वाटतं, देवाघरी गेली म्हणाला असतात तर बरं झालं असतं. देवाघरून कोणी दुपारी चालत येत नाही.

तुम्ही भाकरी करताना सांगायचात. पीठ मळायला घेतलं की फोनची घंटा वाजायची, हे ठरलेलं. तसेच पिठाचे हात घेऊन तुम्ही गुमटीकडे पळायचात, गाडीचा नंबर लिहून घ्यायचात, फाटक पाडायचात, झेंडी घेऊन उभे राहायचात, आणि गाडी गेली की परत येऊन गोष्ट बरोबर तिथूनच धरायचात. आपल्या फोनला कायम वाळलेलं पीठ चिकटलेलं असायचं. भाकऱ्या तुमच्या जाड व्हायच्या, कडेला कच्च्या. मी नाक मुरडलं की तुम्ही म्हणायचात, बाभळवाले बघ, डिंक खाऊन राहतेत, वर कुरकुर न्हाई. ते भर उन्हात स्वयंपाक करतात, म्हणजे धूर झळांमध्ये मिसळून जातो आणि लांबून कोणाला दिसत नाही. ते आडवे होऊन झोपत नाहीत, झाडाला टेकून झोपतात. ज्या वाटेने जातात ती वाट मागे काटे टाकून बुजवत जातात. त्यांच्यात लग्नाला हार नसतो. नवरीच्या पायातला काटा नवऱ्याने काढायचा आणि नवऱ्याच्या पायातला नवरीने, आणि ते दोन काटे जन्मभर जपून ठेवायचे. दोघांचं भांडण झालं तर दोघांनी मिळून एक बी लावायचं आणि रोपाला पहिला काटा येईस्तोवर एकमेकांशी बोलायचं नाही. काटा आला की भांडण संपलं. एकदा तुम्ही मला शाळेच्या सहलीला जाऊ दिलं नाहीत, तेव्हा मी रॉकेलच्या फुटक्या डब्यात बी लावलं होतं. तुम्ही रोज गुपचूप त्याला पाणी घालायचात. रोप लवकर वाढावं म्हणून बाप खतपाणी करतोय आणि पोरगी तोंड फुगवून बसलीय, असं ते आपलं घर होतं.

ते मरत नाहीत, असंही तुम्ही सांगितलं होतं. कंटाळा आला की एखाद्या झाडाला टेकून बसतात, आणि हळूहळू अंगावर साल चढते. म्हणून शेळीसाठी डहाळी तोडायच्या आधी तुम्ही खोडावर तीनदा बोटं वाजवून विचारायचात, "कोन हाय का?" आणि खरंच थांबायचात. उत्तराची वाट बघणारा तुमचा तो चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. दर गुरुवारी मी मैलाच्या दगडावर त्यांच्यासाठी चिमूटभर मीठ ठेवायची आणि सकाळी ते नाहीसं झालेलं असायचं. ते आपलीच शेळी चाटायची, हे माझ्या लक्षात यायला मला बारावी पास व्हावं लागलं. आणि नाव घ्यायचं नाही, ही तर सगळ्यांत मोठी रीत. त्यांच्यातल्या कोणाचं नाव माणसाच्या तोंडून निघालं की ते नाव जड होतं, आणि ज्याचं त्याला उचलेनासं होतं. म्हणून आईचं नाव मी कधी विचारलं नाही. एकच गोष्ट दोनदा विचारायचीही त्यांच्यात रीत नाही. मी गुणाची पोर. मी एकदाच विचारलं होतं.

नऊ वर्षांची झाले त्या वर्षी तुम्ही एका दुपारी परातीवरून मान वर केलीत आणि म्हणालात, "एक रीत सांगायची राहिली." आपलं खास माणूस भेटलं की बाभळवाले त्याच्याकडे पाठ करून उभे राहतात. तोंडावर हसू कोणीही आणतं. पाठ मात्र कोणाच्या हवाली करत नाही माणूस, कारण पाठीवर घाव घालता येतो. म्हणून पाठ देणं हा त्यांच्यात सगळ्यांत मोठा मान. मग समोरच्याने पुढे येऊन खांद्यावर हात ठेवायचा, आणि हात पडला की वळायचं. "हात पडल्याबिगर वळायचं न्हाई," तुम्ही बजावलंत. "वळलं की ते मानूस जातं. परत येत न्हाई." मग आपण दोघांनी अंगणात त्याची तालीम केली. तुम्ही लांबून चालत यायचात, मी पाठ करून उभी राहायची, आणि तुमचा पिठाचा हात खांद्यावर पडायचा. त्या आठवड्यात आपण ते रोज केलं. मी किती सुखात होते तेव्हा, अण्णा. एवढं लक्ष देऊन तुम्ही मला दुसरं काहीच कधी शिकवलं नव्हतं.

पुढच्या सोमवारी दुपारी गाडी यायची होती. फाटक पडलेलं, तुम्ही हिरवी झेंडी घेऊन रुळांजवळ उभे, मी खोलीच्या दारात ज्वारी निवडायला बसलेली. रस्त्यावर एक जीप थांबली. जांभळ्या साडीतली एक बाई उतरली आणि हातातली कापडी पिशवी सावरत भराभर माझ्याकडे यायला लागली. धापा टाकत होती. माझ्यापासून चार पावलांवर थांबली आणि म्हणाली, "मला वळखलंस का?" मी सूप खाली ठेवलं, उठले, आणि तिच्याकडे पाठ केली. ताठ उभी राहिले. शिकवलं होतं तशी.

"आगं, मी तुजी माय हाय." मी हलले नाही. "लय राग आलाय का? बरोबर हाय तुजं. पन आगं, तोंड तरी बघू दे की." तेवढ्यात गाडी आली. सगळी धडधड माझ्या पायांतून वर चढत होती आणि मी खांदा जरा पुढे करून उभी होते, हात नेमका कुठे पडेल त्या बेताने. डबे जाता जात नव्हते. गाडी गेली, आवाज विरला, आणि हात पडला नाही. मी वळले तेव्हा ती रस्त्यावर पोचली होती. पदर तोंडाला लावलेला होता. जीप धूळ उडवत गेली. तुम्ही झेंडी गुंडाळलीत, फाटक उघडलंत, थांबलेल्या बैलगाडीला हात करून पुढे जाऊ दिलंत, आणि खोलीकडे येऊन म्हणालात, "जेवून घे. भाकरी गार व्हायली." मी विचारलं, तिनं हात का नाही ठेवला. तुम्ही चुलीपाशी बसलात, माझ्याकडे न बघता ताट वाढलंत. "नसल तिच्या मनात," एवढंच म्हणालात.

त्या एका वाक्यावर मी वाढले. मिठाची चिमूट मी त्याच गुरुवारी बंद केली. दहावीच्या फॉर्मवर आईच्या नावाची जागा मी कोरी ठेवली तेव्हा बाई म्हणाल्या, "आईचं नाव येत नाही तुला? घोड्याएवढी झालीस." ते नाव घ्यायचं नसतं असं मी म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. दुसऱ्या दिवशी तुम्ही गणवेशावरच शाळेत आलात, तुमच्या वाकड्या अक्षरात नाव भरलंत आणि कागद उलटा करून बाईंच्या हातात दिलात. मला दाखवला नाहीत. माझ्या हळदीच्या दिवशी आत्याला राहवलं नाही. मला कोपऱ्यात घेऊन ती म्हणाली, "तुजी माय जिंतूरला हाय. तुज्या बापाचं न् तिचं पटलं न्हाई. दुसरं घर केलंय तिनं. लगीन हाय म्हनून सांगावा धाडू का?" मी म्हणाले, नको. ती एकदा आली होती आणि तिच्या मनात नव्हतं. आत्याने हळदीची वाटी उचलली आणि ती बायकांत जाऊन बसली. मी तुमचंच वाक्य तुमच्याच आवाजात म्हणत होते, हे तिला तेव्हा कळलं असणार.

मग मला परभणीला एसटीत नोकरी लागली. बावीस वर्षं मी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसतेय. दिवसातून किती वेळा जिंतूरच्या गाडीचा पुकारा करते त्याचा हिशोब नाही. फलाट क्रमांक सांगते, प्रवाशांनी गडबड करू नये म्हणते. तासाभराची वाट आहे. मला तिकीटसुद्धा पडलं नसतं. एकदाही त्या गाडीत चढले नाही. मनात नसलेल्या बाईच्या दारात कशाला जायचं, असा माझा तोरा. तुमच्या शेवटच्या आजारात मी रजा टाकून तुमच्यापाशी राहिले, तुमचं सगळं केलं, आणि या विषयावर आपण अळीमिळी गुपचिळी. तेव्हा विचारलं असतं तर तुम्ही बोलला असतात का, कोण जाणे. दोनदा विचारायची आपल्यात रीत नव्हती.

गेल्या दिवाळीनंतर एक बाई खिडकीशी आली. माझ्याच वयाची, डोक्यावर पदर. मला वाटलं गाडी विचारतेय. तिने विचारलं, "चुडाव्याच्या फाटकवाल्यांची लेक तुमीच का?" ती आईच्या सावत्र मुलाची बायको निघाली. माणसाचा मोठेपणा बघा, घरातलं कोणी नाही आलं, ही आली. "सासूबाई गेल्या. सा महिने झाले," म्हणाली. "लय बोलायच्या तुमच्यावर. आमी म्हनायचो, जावा की, परभनीला खिडकीत तर बसतेत. तर म्हनायच्या, चार वर्साची टाकून आले मी तिला. एकदा गेले तर पोरीनं पाठ केली. ते तिचं बरोबरच हाय, आता कोन्त्या तोंडानं जाऊ." मी माईकचं बटन बंद आहे ना ते बघितलं. मग ती सहज बोलून गेली, तिला काय माहीत ती काय बोलतेय. "आन् असं बी न्हाई की न सांगता फाटकावर गेल्या. आठ दिवस आधी चिठ्ठी धाडली व्हती म्हने तुमच्या वडिलाला. सोमवारी येते, पोरीला सांगून ठेवा म्हनून."

सांगून ठेवलंत की तुम्ही. आठ दिवस रोज सांगितलंत, अंगणात उभं करून तालीम घेतलीत.

तेव्हापासून मला झोप लागत नाही असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. झोप लागते, जेवणही जातं, पुकारे करते. फक्त सगळ्याची चव गेली आहे. आधी वाटायचं, बाकी काही नसलं तरी आपल्याला बाभळवाले मिळाले होते. इतर पोरांना बाप मारायचे, दारू प्यायचे, आणि माझ्या बापाने मला एक अख्खी जमात दिली होती, त्यांच्या लग्नाकार्यांसकट आणि भांडणांसकट. आता एकेक रीत उलटी करून बघते तर प्रत्येकीच्या पोटात तेच आहे. नाव घ्यायचं नाही, म्हणजे मला तिचा पत्ता लागू नये. दोनदा विचारायचं नाही, म्हणजे तुम्हाला दोनदा खोटं बोलावं लागू नये. मागची वाट काट्यांनी बुजवायची. तीनशे वर्षं जगणारे ते उंच देखणे लोक तुम्ही एवढ्यासाठीच उभे केलेत का, की एका पोरीने गप्प बसावं?

तुमची बाजू मला कळत नाही असं नाही. आपलेच दात, आपलेच ओठ. त्या फाटकावर माणूस म्हणून तुम्हाला मी एकटीच होते. गाड्यांतले लोक हात करायचे, ते निघून जाण्यासाठीच. ती मला नेईल अशी भीती तुम्हाला चिठ्ठी वाचताच वाटली असेल. मारणं, कोंडून ठेवणं तुम्हाला जमणारं नव्हतं, म्हणून तुम्हाला जमत होतं ते तुम्ही केलंत. पण तुम्ही वीस पावलांवर उभे होता, अण्णा. ती बाई तोंड बघू दे म्हणत होती आणि तुम्हाला माझ्या पाठीचा अर्थ ठाऊक होता. त्या साऱ्या मुलखात तो तुम्हा एकट्यालाच ठाऊक होता. खांद्यावर हात ठेव, एवढं एक वाक्य तुम्ही ओरडला असतात तर गाडीच्या आधी ऐकू गेलं असतं. तुमच्या म्हातारपणी एकदा मी तुम्हाला लांबून पाहिलं होतं. माझ्या घरामागच्या बाभळीवर तुम्ही बोटं वाजवत होता. आसपास कोणी नव्हतं. तोडायचंही काही नव्हतं. तेव्हा मला हसू आलं होतं, म्हातारा गोष्टीत अडकला म्हणून. त्या झाडाला तुम्ही काय विचारत होता, तेवढं तरी मी पुढे येऊन ऐकायला हवं होतं. आता आई नाही, तुम्ही नाही, आणि ज्याला विचारावं असं ते झाडही राहिलं नाही. माझी लेक परवा म्हणाली, आजीबद्दल सांग ना काहीतरी. माझ्यापाशी एक जांभळी साडी आणि पाच वाक्यं आहेत. ती सांगून झाल्यावर लेक अजून काही येईल म्हणून थांबून राहिली होती.

हे पत्र कुठे टाकणार? इथवर सगळं तुमच्या अंगावर घातलं, आणि एवढ्यावर थांबले असते तर ते माझ्या सोयीचंच होतं. पण एक गोष्ट मी आत्याला सांगितली नाही, नवऱ्याला नाही, त्या जिंतूरच्या बाईलाही नाही. गाडी जात असताना मी वळून बघितलं होतं, अण्णा. शेवटचे काही डबे राहिले होते तेव्हा. ती माझ्या अगदी मागे आली होती. तिने एक हात पुढे केला होता, माझ्या वेणीपर्यंत आला होता तो, आणि लावावा की नाही अशी ती चाचरत होती. तिने माझं तोंड बघितलं. मग माझी नजर तिच्या खांद्यावरून तुमच्याकडे गेली. तुम्ही गाडीकडे बघत नव्हता, माझ्याकडे बघत होता, आणि तुमचा चेहरा इतका घाबरलेला होता की मी परत पाठ केली. तेव्हा माझ्या डोक्यात कुठलीही रीत नव्हती.